सामाईक फाइल

सामाईक विहीर म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. आजोबांनी विहीर पाडली. त्यांना तीन मुलगे. पुढे जमीन वाटली गेली. मध्ये बांध पडले. पण विहीर काही कापून वाटता येत नाही. ती सामाईक राहिली. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. तिघांनी पैसे घालून विहिरीवर मोटार बसवली.

काही वर्षांनी धाकट्या भावाने आपली जमीन विकली. बिऱ्हाड उचलून तो पुण्याला निघाला. भांडीकुंडी नेली. नांगर, कुळव विकून टाकले. त्यात कुणाचे काही म्हणणे नव्हते. ते सारे त्याचेच होते. पण समजा, जाता जाता त्याने विहिरीवरची मोटारही सोडवली नि टेंपोत टाकली. मग काय होईल? थोरल्याचा ऊस वाळेल. मधल्याची मिरची करपेल. आणि पाहा, त्या दोघांच्या शेतात तर कुणी पाऊलही टाकलेले नाही. बी चांगले, खत चांगले, जमीन चांगली. तरी पीक गेले.

आपल्या डेअरीत, सोसायटीत, सेवा केंद्रात आता संगणक आले आहेत. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. त्याच्या पोटातही अशा सामाईक मोटारी असतात. एक प्रोग्रॅम काढून टाकावा, नि दुसराच कुठला तरी बंद पडावा, असे तिथे होते. माणूस बुचकळ्यात पडतो. “मी तर याला हातसुद्धा लावला नाही,” असे म्हणतो. ते खरेही असते. असे का होते नि झाले तर काय करावे, ते या पाठात पाहू.

फाइल सामाईक का ठेवली?

संगणक हे नुसते यंत्र. त्याला काय करायचे ते सांगावे लागते. हे सांगणे आधीच लिहून ठेवलेले असते. त्याला प्रोग्रॅम म्हणतात. कुणी सॉफ्टवेअर म्हणतात. दुधाचा हिशोब ठेवणारा एक प्रोग्रॅम. पत्र लिहायचा दुसरा. फोटो दाखवणारा तिसरा. एकेक प्रोग्रॅम अनेक तुकड्यांचा असतो. त्या तुकड्याला फाइल म्हणायचे.

या सगळ्या प्रोग्रॅमांना सांभाळणारा एक मोठा प्रोग्रॅम असतो. आपल्याकडच्या बहुतेक कचेऱ्यांतल्या संगणकांत तो विंडोज नावाचा असतो. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने तो केला. पहिला विंडोज १९८५ साली निघाला. १९९५ साली विंडोज ९५ आला, तेव्हापासून तो जगभर घरोघर गेला.

आता असे पाहा. दुधाच्या प्रोग्रॅमला पडद्यावर आखलेला तक्ता दाखवायचा असतो. खताच्या दुकानातल्या प्रोग्रॅमलाही तक्ताच दाखवायचा असतो. पतपेढीच्या प्रोग्रॅमलाही तेच. मग तक्ता आखायची कला तिघांनी तीन वेळा कशाला लिहावी? एकदाच लिहावी, एका फायलीत ठेवावी, नि तिघांनी ती वापरावी. विंडोज करणाऱ्यांनी ही सोय सुरुवातीपासूनच केली. अशा फायलीला डीएलएल म्हणतात. तिचीच एक चुलतबहीण आहे, तिला ओसीएक्स म्हणतात. फायलीच्या नावाच्या शेवटी एक टिंब असते. त्या टिंबापुढे ही तीन इंग्रजी अक्षरे दिसली, की ही वापरायची फाइल आहे असे ओळखावे.

ही काटकसर होती, नि ती चांगलीच होती. आजच्या मानाने १९९५ सालच्या घरगुती संगणकात जागा फार थोडी असे. जागा जपून वापरावी लागे. सामाईक फायली विंडोजच्या एका ठरलेल्या कप्प्यात ठेवायच्या, नि ज्याला लागेल त्याने तिथून घ्यायच्या, अशी रीत पडली.

पण सामाईक वस्तू आली की भांडण आलेच. नवा प्रोग्रॅम येई नि जुन्या फायलीच्या जागी आपली वेगळी फाइल ठेवी. मग आधीचे प्रोग्रॅम रुसत. किंवा एखादा प्रोग्रॅम काढला, की तो जाताना सामाईक फाइल घेऊन जाई. संगणकाची माणसे यापायी इतकी जेरीला आली, की त्यांनी या भानगडीला ‘डीएलएलचा नरक’ असे नाव ठेवले.

नोंद आणि न झालेली नोंद

विहिरीत कुणाकुणाचा हिस्सा आहे, ते आपण सात-बारावर पाहतो. विंडोजनेही अशी एक नोंदवही ठेवली आहे. तिला रजिस्ट्री म्हणतात. त्या वहीत सामाईक फायलींचे एक पान आहे. फायलीचे नाव, नि तिच्यासमोर एक आकडा. हा आकडा म्हणजे हिस्सेदारांची संख्या.

एक प्रोग्रॅम रीतसर बसवला, नि त्याने तक्त्याची फाइल आणली, की आकडा १ होतो. दुसरा प्रोग्रॅम बसवला, त्यालाही तीच फाइल लागते, की आकडा २ होतो. पहिला काढून टाकला, की आकडा परत १. फाइल जागेवरच राहते, कारण अजून एक हिस्सेदार आहे. दुसराही काढला, की आकडा शून्य. मग संगणक म्हणतो, आता हिला कुणी वाली नाही, काढून टाकायला हरकत नाही.

वाचताना किती सरळ वाटते! पण सात-बाऱ्यावर वारसाची नोंद करायची राहून गेली, तर काय होते? माणूस शेत कसतो, पाणी घेतो, पण कागदावर त्याचे नाव नाही. वाटणीच्या वेळी त्याला कुणी विचारत नाही. संगणकातही हुबेहूब असेच घडते. काही प्रोग्रॅम बसताना वहीत नोंदच करत नाहीत. काही प्रोग्रॅम रीतसर बसवलेलेच नसतात. जुन्या संगणकातून पेनड्राइव्हवर उचलून नव्यात ठेवलेले असतात. ते सामाईक फाइल वापरतात, पण आकड्यात धरलेले नसतात. आकडा शून्य झाला म्हणून वापरणारा कुणी नाही, असे समजू नये.

एका डेअरीची गोष्ट

एक डेअरी धरून चालू. नावगाव कशाला? आपल्याकडच्या शंभर डेअऱ्यांपैकी कुठलीही धरा.

डेअरीत एकच संगणक आहे. त्यावर दोन हिशोब. एक दुधाचा, एक पशुखाद्याचा, म्हणजे पेंडीचा. दोन्ही प्रोग्रॅम जुने. व्हिज्युअल बेसिक नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेले. त्या भाषेची सहावी आवृत्ती १९९८ साली निघाली. लहान धंद्यांचे पुष्कळ प्रोग्रॅम तिच्यात लिहिले गेले, नि त्यांतले काही अजून चालतात. तीन वर्षांपूर्वी डेअरीने संगणक नवा घेतला. तेव्हा पेंडीचा प्रोग्रॅम रीतसर बसवला गेला. दुधाचा प्रोग्रॅम मात्र जुन्या संगणकातून जसाच्या तसा उचलून ठेवला. तो चालू झाला. चालतोय ना, मग झाले, असे म्हणून सगळे गप्प बसले.

तो का चालला, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. तक्ता आखायची फाइल पेंडीच्या प्रोग्रॅमने आणली होती. दुधाचा प्रोग्रॅम तीच वापरत होता. वहीत आकडा होता १.

पुढे पेंडीची विक्री बंद झाली. सचिवाचा पुतण्या सुटीत गावी आला होता. तो म्हणाला,

“काका, पेंडीचा प्रोग्रॅम कुणी उघडत नाही. काढून टाकू का? कॉम्प्युटर जरा हलका होईल.”

“काढ की. पण दुधाला हात लावू नको हं.”

“दुधाला कशाला हात लावतोय मी?”

पोराने प्रोग्रॅमांची यादी उघडली. पेंडीच्या नावावर गेला. अनइन्स्टॉल, म्हणजे काढून टाका, हे बटण दाबले. मध्येच पडद्यावर एक पेटी आली. तीत इंग्रजीत मजकूर होता. त्याचा अर्थ असा: ही सामाईक फाइल आता कुणी वापरत नाही असे दिसते. काढू का? कुणी वापरत असेल तर त्याचे काम अडेल. खात्री नसेल तर नको म्हणा. खाली बटणे होती. एकावर ‘येस’, एकावर ‘येस टू ऑल’, म्हणजे सगळ्यांना हो. बाजूला ‘नो’. पोराने न वाचताच ‘येस टू ऑल’ दाबले. शिकलेली माणसे अशा पेट्या वाचत नाहीत, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. नव्याने वाचायला शिकलेला माणूस अक्षर न् अक्षर लावून वाचतो. या कामी तोच बरा.

दुसरा दिवस उजाडला. सकाळचे साडेपाच. किटल्या नि कॅन घेऊन रांग लागली. सचिवाने दुधाचा प्रोग्रॅम उघडला. तो उघडलाच नाही. नुसती एक लहान पेटी आली नि टिंग असा आवाज झाला. पुन्हा उघडला. पुन्हा तेच.

“सचिव, दूध घ्या की! किती वेळ उभं करताय?” रांगेतल्या आक्का म्हणाल्या.

“कॉम्प्युटर रुसलाय आक्का. थांबा जरा.”

“कॉम्प्युटर रुसू दे. म्हशीला सांगू का, उद्या दूध देऊ नको म्हणून?”

सचिव शहाणा. त्याने जुनी वही काढली. काटा चालू होता. फॅट मशीन आपला आकडा आपल्याच पाटीवर दाखवत होते. लिटर नि फॅट वहीत लिहून त्याने दूध घेतले. सकाळ निभावली. पण खरी अडचण पुढेच होती. तो दहाव्याचा दिवस होता. दहा दिवसांचे बिल त्या दिवशी काढायचे होते. नऊ दिवसांचा हिशोब संगणकाच्या पोटात. आक्कांच्या बिलातून म्हशीच्या कर्जाचा हप्ता कापून बँकेत जायचा. कुणाला पोराची फी भरायची. कुणाला दुकानदार दारात उभा.

पुतण्याचा जीव खाली-वर झाला. तो म्हणाला, “काका, दुधाचा प्रोग्रॅमच काढून टाकतो नि परत बसवतो. होईल सरळ.”

इथे जरा थांबा. या पोराच्या हातून पहिली चूक झाली ती लहान होती. ही दुसरी झाली असती तर डेअरी बुडाली असती. दुधाच्या प्रोग्रॅमच्याच कप्प्यात हिशोबाची फाइल असते. पुष्कळ जुन्या प्रोग्रॅमांत ती तिथेच असते. प्रोग्रॅमचा कप्पा पुसला, की नऊ दिवसांचा हिशोबही पुसला. आणि परत बसवायचा म्हणजे कशावरून? तो तर उचलून आणलेला. बसवायची मूळ प्रत कुणाकडेच नव्हती.

सचिवाने तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“काही काढू नका,” तो पहिल्यांदा हेच म्हणाला. “पेटीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा.”

“इंग्रजीत आहे हो.”

“मग एकेक अक्षर सांगा. घाई नाही.”

सचिवाने एकेक अक्षर सांगितले. एम, एस, एफ, एल, एक्स, जी, आर, डी. मग टिंब. मग ओ, सी, एक्स.

“ही तक्ता आखायची फाइल,” दुरुस्तीवाला म्हणाला. “ती जाग्यावर नाही. काल-परवा काही काढलंत का?”

“पेंडीचा प्रोग्रॅम काढला.”

“मग तिच्याबरोबर गेली. पेंडीचा प्रोग्रॅम बसवायचा पेनड्राइव्ह आहे?”

“कपाटात असेल.”

“बघा. मिळाला तर तोच प्रोग्रॅम परत बसवा. पण त्याआधी दुधाचा सगळा कप्पा दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.”

पेनड्राइव्ह सापडला. आधी दुधाचा कप्पा उतरवून घेतला. मग पेंडीचा प्रोग्रॅम परत बसवला. तक्त्याची फाइल आपल्या जागी आली. दुधाचा प्रोग्रॅम उघडला. नऊ दिवसांचे आकडे जसेच्या तसे होते. सकाळचे आकडे वहीतून भरले. बिले संध्याकाळी निघाली.

ज्याला बंद पडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करायचा होता, त्याने दुसराच प्रोग्रॅम बसवला. हे उलटे वाटते खरे. पण मोटार ज्याने नेली, त्याच्याकडूनच ती परत आणायची, एवढेच हे आहे. अर्थात हा तात्पुरता इलाज. पुढे सचिवाने दुधाचा प्रोग्रॅम करणाऱ्याला गाठून बसवायची मूळ प्रत मागवली नि तो रीतसर बसवून घेतला. तेव्हा कुठे वहीतला आकडा २ झाला.

दुरुस्ती कशी करावी?

पेटी आली, की ओके दाबायची घाई करू नये. पेटीत फायलीचे नाव असते. रोगाचे नाव कळल्याखेरीज औषध कसे देणार? ते नाव वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे. इंग्रजी वाचता येत नसेल तरी अक्षरांचे आकार पाहून उतरवता येतात. मोबाइलने फोटो काढून ठेवला तरी चालेल. मग आठवावे, की गेल्या दोन-चार दिवसांत काय काढले, काय बसवले. दहांत नऊ वेळा उत्तर तिथेच असते, असे मला वाटते.

काढलेली फाइल कचऱ्याच्या डब्यात, म्हणजे रीसायकल बिनमध्ये शोधू नका. आपण हाताने पुसलेली फाइल त्या डब्यात पडते. प्रोग्रॅम काढताना गेलेल्या फायली बहुधा तिथे नसतात.

मग हिशोबाची प्रत काढावी. हे काम चुकवू नये. बाकी सगळे बिघडले तरी परत मिळते. दुकानात मिळते, कंपनीकडे मिळते. तुमच्या डेअरीचा हिशोब जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

प्रत काढली, की बंद पडलेला प्रोग्रॅम त्याच्या मूळ प्रतीवरून पुन्हा बसवावा. बसवताना काही वेळा ‘रिपेअर’ असा शब्द दिसतो. त्याचा अर्थ डागडुजी. तो निवडला, की गेलेल्या फायली जागेवर येतात. मूळ प्रत नसेल, तर जो प्रोग्रॅम काढला तो परत बसवावा. आपल्या डेअरीने केले ते हेच.

आणखी एक वाट आहे. संगणकाला मागच्या तारखेला नेता येते. तिला सिस्टिम रिस्टोअर म्हणतात. २००० सालच्या विंडोज एमई पासून ही सोय आहे. परवा संगणक कसा होता, त्याची खूण संगणकाने ठेवलेली असते. त्या खुणेवर परत गेले, की काढलेला प्रोग्रॅम नि त्याच्या फायली परत येतात. पण खूण ठेवायची सोय चालू असायला हवी. पुष्कळ संगणकांत ती बंदच असते. आजच आपल्या केंद्रात जाऊन विचारा: रिस्टोअर चालू आहे का? नसेल तर चालू करून घ्या. अडचण आल्यावर चालू करून उपयोग नाही. विहीर तहान लागण्याआधी खणायची असते.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? इंटरनेटवर फायलीचे नाव टाकले की ती फाइल फुकट मिळते. मिळते खरी. पण रस्त्यात भेटलेल्या माणसाने दिलेली मोटार तुम्ही विहिरीवर बसवाल का? तिच्या पोटात काय आहे, कुणी पाहिले? अशा फायलींतून संगणकाला कीड लागते. बँकेचे नंबर चोरीला जातात. फाइल घ्यायची ती प्रोग्रॅम करणाऱ्याकडून, किंवा मायक्रोसॉफ्टची असेल तर मायक्रोसॉफ्टकडून. शिवाय ओसीएक्स जातीची फाइल नुसती आणून टाकली की भागत नाही. तिची संगणकात नोंद व्हावी लागते. खरेदीखत झाले तरी फेरफार झाल्याशिवाय सात-बाऱ्यावर नाव येत नाही, तसेच हे. प्रोग्रॅम रीतसर बसवला की ही नोंद आपोआप होते.

यादीत एकच नाव पुन्हा पुन्हा

आता एका वेगळ्या घोटाळ्याबद्दल सांगतो. तो आजकाल जास्त होतो.

प्रोग्रॅमांची यादी उघडा. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ असे लांबलचक नाव दिसेल. एकदा नाही, चार-सहा-आठ वेळा दिसेल. पुढे वर्षे असतात: २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३. पाहणाऱ्याला वाटते, एकच वस्तू आठ वेळा कशाला? हा तर कचरा. नि तो एक ठेवून बाकीच्या काढतो.

हा कचरा नव्हे. ही सगळी सामाईक फायलींची गाठोडी आहेत. जो प्रोग्रॅम २०१० च्या अवजारांनी बनवला, त्याला २०१० चेच गाठोडे लागते. २०१३ चे चालत नाही. फक्त २०१५ नि त्यानंतर २०२२ पर्यंतची मिळून एकच झाली आहेत. त्यातही प्रत्येकाच्या दोन जाती असतात. एकावर एक्स ८६ लिहिलेले, दुसऱ्यावर एक्स ६४. ही दोन्ही लागतात. कोणता प्रोग्रॅम कुठले गाठोडे वापरतो, ते यादीत लिहिलेले नसते. म्हणून हात लावू नये. ती सगळी मिळून जागाही फार खात नाहीत.

काढली गेलीच तर? पेटीत आलेले फायलीचे नाव पाहा. त्यातला आकडा आपल्याला वाट दाखवतो. नावात १०० असेल, तर २०१० चे गाठोडे हवे. ११० असेल तर २०१२ चे. १२० असेल तर २०१३ चे. १४० असेल तर २०१५ नंतरचे. ते मायक्रोसॉफ्टच्या जागेवरून फुकट मिळते. एक्स ८६ नि एक्स ६४, दोन्ही बसवावे. संगणक एकदा बंद करून चालू करावा. बहुधा काम होते.

विंडोजची स्वतःची फाइल

गावात काही जागा खाजगी, काही सामाईक, नि काही गायरान. गायरान कुणी विकू शकत नाही. तशा विंडोजच्या स्वतःच्या काही फायली असतात. पूर्वी त्याही कुणीही काढी. २००० साली विंडोज २००० आला, तेव्हा कंपनीने त्यांच्यावर राखणदार बसवला. कुणी फाइल काढली, की राखणदार आपल्याजवळची प्रत तिथे ठेवी. पुढे विंडोज व्हिस्टापासून राखण आणखी कडक झाली. आता साधा प्रोग्रॅम त्या फायलींना हात लावू शकत नाही.

तरीही वीज जाते, डिस्क झिजते, नि त्या फायली बिघडतात. त्यासाठी एक तपासनीस आहे. स्टार्टच्या जागी सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहावी. काळ्या पाटीचे चित्र येते. त्यावर उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. काळी पाटी उघडली, की एस, एफ, सी ही अक्षरे लिहावी. मग एक जागा मोकळी सोडावी. मग तिरपी रेघ, नि तिला चिकटून ‘स्कॅननाउ’ हा इंग्रजी शब्द. एंटर दाबावे. चहा घेऊन यावे. काम पुरे होईतो पाटी मिटू नये.

मात्र हा तपासनीस फक्त विंडोजच्याच फायली पाहतो. आपल्या डेअरीतली तक्त्याची फाइल विंडोजची नव्हती. तिथे हा तपासनीस दिवसभर फिरला असता, तरी ‘सगळे ठीक आहे’ असेच म्हणाला असता. गायरानाच्या राखणदाराला तुमच्या विहिरीवरची मोटार गेली, हे कसे कळावे?

आता जागा स्वस्त झाली आहे. २००१ सालच्या विंडोज एक्सपीने एकाच नावाच्या निरनिराळ्या फायली शेजारी शेजारी ठेवायची सोय केली. पुष्कळ नवे प्रोग्रॅम तर लागतील त्या फायली आपल्याच कप्प्यात ठेवतात. ज्याची मोटार त्याच्या बांधावर. त्यामुळे भांडणे कमी झाली. पण जुने हिशोबी प्रोग्रॅम जिथे चालू आहेत, तिथे सामाईक विहीर अजून आहेच.

वहीचे पान

प्रोग्रॅम काढताना तीच पेटी तुमच्यासमोर येईल. ही फाइल काढू का, असे विचारील. तेव्हा ‘नो’ म्हणावे. फाइल राहिली, तर थोडी जागा अडेल, इतकेच. बाकी काही बिघडणार नाही. आणि ज्या दिवशी बिल काढायचे असते, त्याच्या आदल्या दिवशी संगणक झाडायला घेऊ नये. खळे चालू असताना कुणी घर सारवत नाही.

संगणकाजवळ एक शंभर पानी वही ठेवा. पेन दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर ते जाते. वहीत असे लिहा. हे नमुन्याचे पान आहे. तुमच्या केंद्रात काय आहे ते विचारून तसे पान आपल्या हाताने लिहून काढा.

प्रोग्रॅमचे नाव: दूध हिशोब.
कोण वापरतो: सचिव, रोज सकाळ-संध्याकाळ.
बसवायची मूळ प्रत कुठे: निळा पेनड्राइव्ह, कपाटाचा वरचा खण.
करणाऱ्याचा फोन: कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.
हिशोबाची प्रत: दर शनिवारी, लाल पेनड्राइव्हवर.

प्रोग्रॅमचे नाव: पेंड हिशोब.
कोण वापरतो: कुणी नाही. तरी काढू नये, दुधाचा प्रोग्रॅम मूळ प्रतीवरून बसवेपर्यंत.
बसवायची मूळ प्रत कुठे: पांढरा पेनड्राइव्ह, त्याच खणात. किल्ली सचिवांकडे.